दादाचा फोन

चहा घ्या, पण हे ऐकून मला शिव्या घालू नका. आनेकलच्या ज्या सॉल्व्हंटच्या कारखान्यात आग लागून माझा दादा गेला, तिथेच मी महिन्याभरात कामाला लागलो. सॉल्व्हंटची वाफ फोनच्या ठिणगीनेही पेटू शकते, म्हणून पंपाच्या शेडमध्ये जाण्याआधी फोन गेटवरच्या पेटीत ठेवायचा असतो. मी माझा ठेवला, पण दादाचा खिशातच राहू दिला. तो मला दूर ठेववतच नव्हता.

आत पंपाचं सील गळत होतं आणि वासाने डोकं गरगरत होतं. आमचा जुना ऑपरेटर मंजण्णा व्हॉल्व्ह बंद करत होता, तेवढ्यात माझ्या खिशात फोन वाजला. आईच! ती अजून रोज दहा वाजता दादाला फोन करते.

माझा हात खिशाकडे गेला.

"हात लावू नको," मंजण्णा हळूच म्हणाला. "बंदही करू नको. सावकाश बाहेर चल."

वाजणारा फोन घेऊन मी चाळीस पावलं चाललो. बाहेर येताच त्याने माझी कॉलर धरली.

"तुझा अण्णा जळाला, मग त्याचा फोन कसा वाचला रे? पेटीत होता म्हणून!"

आता तो पेटीतच असतो. दहाला वाजतो. कोणी उचलत नाही, आणि आई थकेपर्यंत गेटवर कोणी बोलतही नाही.