दोन दिवसांची वाट

देओलिंदा : त्या शालीला हात लावू नकोस! आईची आहे ती.

आदेरितो : ताई, दोन दिवस गाडी चालवत आलोय गं. आल्या आल्या असं...

देओलिंदा : कुणी सांगितलं होतं गाडी काढायला? फोनवर घसा फोडून सांगितलं ना, आईचं काही खरं नाही, मिळेल ते विमान पकड? लक्झेंबर्गहून आपल्या पोर्तोच्या विमानतळावर अडीच तास! सकाळी निघाला असतास, तर दुपारी तिच्या उशाशी असतास.

आदेरितो : मला वाटलं, थांबेल ती. दरवेळी थांबायची.

देओलिंदा : "गाडीचा आवाज आला का बघ गं," एवढंच म्हणत गेली. आणि आपल्याकडे दुसऱ्या दिवशी माती देतात, हेही विसरलास? पाद्रींच्या हातापाया पडून पेटी उघडी ठेवायला लावली मी. शेवटी तेही कंटाळले. आणि आमचे साहेब फ्रान्समध्ये पेट्रोल भरतायत!

आदेरितो : तेव्हा स्पेनमध्ये होतो.

देओलिंदा : वा! उपकार झाले.

आदेरितो : अगं, तिकडे कामाला गेलेले सगळे गाडीनंच येतात ना गावाला! खांद्याला एक पिशवी लटकवून उतरलो असतो, तर लोक म्हणाले असते, तिकडे इतकी वर्षं काय माती खाल्ली यानं? तिच्यासाठी कॉफी आणलीय, चॉकलेटं, विजेची शेगडी...

देओलिंदा : ते ऑगस्टमध्ये रे, सुट्टीला! हा फेब्रुवारी आहे. आई मरत होती आणि तू डिकी भरत होतास! जा, पुरून ये ती शेगडी तिच्याशेजारी.

(शेजारच्या आर्मिंदा मावशी सूपचं भांडं घेऊन आत येतात.)

आर्मिंदा मावशी : आलास रे बाळा? देओलिंदा, नको गं त्याला बोलूस. तुझी आईच सांगायची ना, लक्झेंबर्ग म्हणजे जगाच्या टोकाला, विमानानंसुद्धा दोन दिवस लागतात. म्हणून तर बिचारा वर्षातून एकदा येतो.

आदेरितो : विमानानं? दोन दिवस?

आर्मिंदा मावशी : कुणी तुझ्यावरून टोमणा मारला, की हेच सांगायची. साऱ्या गावाला ठाऊक आहे. येते मी. गरम आहे तोवर घ्या.

आदेरितो : ताई, आईला खरंच माहीत नव्हतं?

देओलिंदा : न माहीत असायला काय झालं? अंगणात बसून विमानं बघायची. म्हणायची, "आत्ता निघाला तर दिवेलागणीच्या आत येईल, नाही का गं?"

आदेरितो : मग लोकांना असं का...

देओलिंदा : का म्हणून विचारतोस? तुला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून! दर ईस्टरला पाद्रींपुढे गुडघे टेकून या एका खोट्याची कबुली द्यायची, आणि बाहेर पडताच चर्चच्या पायरीवर पुन्हा तेच बोलायची.

आदेरितो : ताई...

देओलिंदा : रडू नकोस माझ्यापुढे. दोन दिवस लावून तिला खोटं पडू दिलं नाहीस, एवढं एकच केलंस तू तिच्यासाठी. घे, सूप गार होतंय.