चुंबकाच्या दारात

कर्वेनगरच्या एमआरआय केंद्रात इंद्रजीत नंबराची वाट पाहत होता. शेजारच्या बाकावर मथुराबाई, त्यांचे यजमान आणि उपग्रहांवर काम करणारी लेक पूर्वा बसले होते. परिचारिकेने अंगावरचा सगळा धातू काढायला सांगितलं होतं, आणि मथुराबाई मंगळसूत्र काढायला तयार नव्हत्या.

"लग्नापासून हे गळ्यातनं उतरलं नाही."

"सोनं चुंबकाला चिकटतच नाही. पूर्वाला विचार."

"चिकटत नाही बाबा, पण फोटो बिघडतो. मग आईच्या डोक्यात काय आहे ते डॉक्टरांना दिसणार कसं?"

"इतक्या वर्षांत मला तरी कुठं दिसलं?"

"तुम्ही गप बसा हो."

"आई, आमचा उपग्रह पृथ्वीभोवतीचं चुंबकाचं कवच मोजतो ना..."

"ठाऊक हाय. चार देशांनी मिळून सोडलाय."

"त्यातलं मोजायचं यंत्र उपग्रहाला चिकटून नसतं, लांब दांड्याच्या टोकाला असतं. नाहीतर उपग्रहाचंच लोखंड, त्याचीच वीज मोजमापात घोळ घालते."

"म्हणजे आपलंच माणूस आड येतं म्हण."

"तसंच. लांब असतं, पण दांडा सुटलेला नसतो."

मथुराबाईंनी मंगळसूत्र मुठीत धरलं.

"आत किती वेळ?"

"अर्धा तास. आम्ही दाराशीच आहोत."

"अहो, इकडं या. मान खाली करा."

"माझ्या गळ्यात? लोक बघतायत."

"बघू द्या. खिशात ठेवलं तर विसराल. मी बाहेर येईपर्यंत काढायचं नाही."

मथुराबाईंमागे दार बंद झालं, तेव्हा मंगळसूत्र झाकायला शर्टाचं वरचं बटण लावायला गेलेला यजमानांचा हात इंद्रजीतला मध्येच थांबलेला दिसला.