चाळिसाव्याच्या आधी गाल

उठू नका हो, बसा. मी काही खाणार नाही तुम्हाला. तुमचा नंबर माझ्या आधीचा आहे आणि नर्स म्हणाली अजून दहा मिनिटं — बसा. हो, मीच नुहाद. नाजीची बायको. म्हणजे विधवा, अजून जिभेला सवय नाही. आणि तुम्ही जोसलीन — आत्ता नर्सनं हाक मारली म्हणून कळलं, मी काही तुमच्या मागावर नव्हते. बरं, ते राहू दे. मला तुमच्याकडून एकच सल्ला हवाय. फिलर की इम्प्लांट? नाही, थट्टा नाही. अख्ख्या बैरूतमध्ये दुसऱ्या कुणाला विचारू? तुमचे गाल समोर दिसतायत मला. चांगले झालेत.

माझी अडचण ऐका. येत्या रविवारी नाजीला जाऊन चाळीस दिवस होतील, चर्चमध्ये प्रार्थना आहे. आज मंगळवार. इम्प्लांट म्हणजे तोंडाच्या आतून चिरायचं नि हाडावर सिलिकॉनची चकती बसवायची — डॉक्टर म्हणतात, तीन आठवडे सूज. म्हणजे चर्चमध्ये मी कलिंगडासारखं तोंड घेऊन बसणार. फिलर म्हणजे नुसत्या सुया, दोन दिवसांत तयार. पण ते वर्षा-दीड वर्षात विरतं, आणि वर्षानं पुन्हा त्याच्यासाठी प्रार्थना आहेच, पुन्हा सगळं गाव येणार. मग काय, दर वर्षी टोचून घेऊ? की एकदाच चकत्या बसवून मोकळी होऊ? तुमचं फिलरच ना? वाटलंच मला.

एकोणसाठाव्या वर्षी हिला गाल कशाला, असं बघताय. अहो, तुम्ही होतात की तिथे! सांत्वनाच्या दिवशी, तिसऱ्या रांगेत, खांबाजवळ. मी पुढे पहिल्या खुर्चीवर, काळ्या कपड्यांत, रीतीप्रमाणे. हस्रूनहून, नाजीच्या गावाहून, बस आली. वदाद आत्या उतरल्या — नाजीच्या आत्या, नव्वदीच्या. सफरचंदाच्या बागेवरून भांडण झालं तेव्हापासून आमचं गावाला जाणं बंद, त्यामुळे त्यांनी मला पाहिलं ते लग्नानंतरच्या उन्हाळ्यात, त्यानंतर नाहीच. तर आत्या माझ्यासमोरून चालत सरळ तुमच्याकडे. तुमचं तोंड दोन्ही हातांत धरलं — ‘नुहाद, पोरी, तू तश्शीच आहेस गं!’ आणि आत्यांच्या मागोमाग अख्खी बस. एकेक जण तुमचा हात धरतोय, देव बळ देवो म्हणतोय. माझ्याकडे एक गृहस्थ आले, म्हणाले, तुम्ही नाजीच्या आई का? मी म्हटलं, कॉफी घ्या.

तेव्हा मी तुमच्याकडे नीट पाहिलं. डावा गाल. उजव्यापेक्षा जरा जास्त भरलेला — आहे की नाही? आता हात कशाला लावताय, आहे. नाजीनं माझा एक फोटो काढला होता, समुद्रावर, रौशेच्या खडकासमोर, मी सव्वीस वर्षांची होते — आणि त्या दिवशी माझी डावी दाढ सुजली होती. दाढेखाली लवंग धरून हसले मी. तो फोटो तेहतीस वर्षं त्याच्या पाकिटात होता. घरी त्याचीच दुसरी प्रत होती, ती मी काल या डॉक्टरांपुढे ठेवली, म्हटलं असे गाल करा. तर म्हणाले, ‘हा चेहरा मी केलाय!’ अगदी कौतुकानं म्हणाले, आणि मग जीभ चावली. पण काम इमानदारीत केलंय हं त्यांनी. दाढेसकट.

तुम्हाला ठाऊक नव्हतं? मग तो फोटो दाखवून नाजी कुणाचा म्हणाला? ... बहीण? वारलेली बहीण? नाजीला बहीण नव्हती. चार भाऊ. ठीक आहे, म्हणजे मी तुमच्याकडे आधीच वारले होते.

अगं, आता रडू नकोस इथे, लोक बघतायत. हा घे रुमाल. मला एकच सांग — तू तरी सांग, तो तर गेला. त्याला माझाच चेहरा हवा होता ना? मग मी घरीच होते की. रोज संध्याकाळी घरीच होते. जरा ओसरला होता चेहरा, पण होता. एकदा म्हणाला असता तर मी स्वतः आले असते इथे, त्याचा हात धरून — नाही, हे मला बोलायचं नव्हतं. सोड. आणि राग मला तुझ्या गालांचा नाहीये. तू आत्यांच्या खांद्यावर ढसाढसा रडलीस, त्याचा आहे. मला पाच आठवड्यांत एक टिपूस आलेलं नाही. आत्यांची नजर अधू आहे म्हणतात सगळे. पण रडणारी ती बायको, असं वाटलं त्यांना, तर त्यांचं काय चुकलं?

हं, बोलावतायत तुला. थांब, एक मिनिट. रविवारी अकरा वाजता यायचं. खांबाजवळ नाही, माझ्या शेजारच्या खुर्चीवर. आत्या येतील, तुझं तोंड धरतील, तेव्हा तू स्वतःच्या तोंडानं सांगायचं — ‘मी जोसलीन. या आहेत नुहाद.’ मी आहेत त्याच गालांनी बसेन. मग आत्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत. आणि त्यानंतर तू रड. पोटभर रड, माझ्याही वाटचं. नर्सला सांग, माझा नंबर काढून टाकायला. आणि जा आता, डॉक्टर खोळंबलेत.