करड्या कापडाच्या पिशव्या

—नाही गं वीणा, पुन्हा चप्पल घालू नकोस, खाली लॉनवर जायचंच नाहीये आज. तुझे काका येत नाहीत म्हणे. दार लोटून बसलेत आत. सोमवारपासून हेच चाललंय. तू बस, त्यांचा व्यायाम घ्यायला एवढी मुनिरकाहून आलीस, पाणी तरी घे.

तूच म्हणालीस ना — काकू, अर्धांगाच्या झटक्यानंतर हात आखडलाय, उजव्या हातानं काहीतरी फेकायला लावा, नुसता रबरी चेंडू दाबून कंटाळलेत ते. म्हटलं, बिल्कुल! फेकायचा खेळच करते. बदल्यांच्या वेळचं लाकडी खोकं पडलं होतं गॅलरीत, त्याची फळी काढली, सुताराकडून भोक पाडून घेतलं — डब्याचं झाकण ठेवून पेन्सिल मीच फिरवली — मागे पाय ठोकले, झाली तिरकी उभी. तिच्यावर फेकायच्या पिशव्या मी शिवल्या. आधी आत मटकी भरली, तर त्या राहिल्या लॉनवरच, माळ्यानं सोडला पाइप, आणि शिवणीतून मोड बाहेर! हसू नकोस. सोसायटीतल्या बायकांनी फोटो काढले. मग उसवून राजमा भरला. फळीवर पडली तर एक, भोकात गेली तर तीन. शेजारच्या वृंदाची मुलं यायची खेळायला, गार्डसुद्धा ओरडायचा, "अंकल, थोडा ऊपर से!" ह्यांची पिशवी आधी पायाशीच पडायची, मग जरा पुढे गवतात, आणि सोमवारी — सोमवारी फळीच्या कडेला लागली गं! मला रडूच आलं.

आणि मग काय? माझं नशीब! पुढची पिशवी हातात घेतली नि बघतच बसले. उलटून बघितली, खिशाची शिवण दिसली. म्हणाले, "प्रभा, ही माझी पँट आहे?"

हो, होती! जाड कापड नको का? सुती फाटतं. ऑफिसातली करडी पँट, कपाटात नुसती लटकलेली. आजारी पडल्यापासून घातली का एकदा तरी? घरात पायजमाच असतो. तूच सांग, माझं काय चुकलं — नको, सांगू नकोस. म्हणाले, "मग कोपर्निकस मार्गावर काय घालून जाऊ?" ते जुने ऑफिसवाले जमतात ना तिकडे जेवायला, सूर्यकांत वगैरे — ह्यांना अजून वाटतं आपण जाणार. आणि मी — उन्हात उभी, मुलांचा गोंधळ, कंबर भरून आलेली — बोलून गेले, "आता कुठे जायचंय तुम्हाला!"

सगळ्यांसमोर गं. पिशवी फेकली नाही त्यांनी. खाली ठेवली आणि वर निघून आले. तेव्हापासून हो-नाही एवढंच बोलणं. आणि राग मला येत नाही का? सुया टोचून बोटांची चाळण झाली माझी, आणि हे कपाटाची किल्ली उशाखाली ठेवतात — उरलेल्या पँटीही कापीन म्हणून! मी काय वेडी आहे? पण एक सांगू... कापताना हात अडखळला नाही माझा. जरासुद्धा नाही. मी धरूनच चालले होते की आता हे घरातच. परत बाहेर पडणारा माणूस असता तर कात्री लावली असती का मी? हे त्यांना सांगू नकोस हं. तुझ्या त्या डॉक्टरांनाही नको.

थांब. कपाट वाजलं. ऐकलंस? अगं उठू नकोस, मी बघते फटीतून... काळी पँट काढलीय. घातलीसुद्धा, एकट्यानं! पलंगाला टेकून उभे आहेत, आणि बटण — उजव्या हातानं लावतायत गं. डावा खिशात घातलाय मुद्दाम. सुटलं. परत लावतायत... सुटलं. नाही, तू आत जायचं नाहीस. मीही नाही जाणार. कुठे निघालेत विचारणारसुद्धा नाही. तू जा आता. फोन करते मी, जा — आणि दार ओढू नकोस, आवाज होतो त्याचा.