कितवा दिवस?

—नाही, नाही, मान सैल सोडा, अशी ताठ धरलीत तर मला हनुवटीखाली जाता येत नाही. हां, आत्ता कसं! आणि बोलू नका हं, फेस तोंडात जाईल. हो म्हणायचं असेल तर डोळे मिटा, बाकी बोलायचं माझ्यावर सोपवा. ते पिवळं कार्ड तुमच्या खिशातून डोकावत होतं ना, तेव्हाच म्हटलं, हा आपलाच माणूस. सरकारी दवाखाना, एक्स-रेच्या शेजारची खोली, बुधवारी संध्याकाळी पाच वाजता, गोल मांडलेल्या खुर्च्या — त्यातली एक डुगडुगते, ती नेमकी नव्या माणसाच्या वाट्याला येते, लक्षात ठेवा. सिगरेट सोडायचीय ना? सुटते हो. मी सांगतो ना! मी तिथला जुना माणूस. सिस्टर नव्या लोकांना माझ्याकडे बोट दाखवून सांगते, यांच्याकडे बघून शिका म्हणून. आता मी काय करू, माझा चेहराच तसा आहे, विश्वास बसतो लोकांचा.

गोळ्या सुरू केल्यात? आज सकाळी? मिटलेत डोळे, छान. मग तुमची चैन आहे साहेब, पहिला आठवडा म्हणजे निव्वळ चैन. सिस्टरने सांगितलंच असेल — सात दिवस गोळी घ्यायची आणि सिगरेटही ओढायची, गोळी अंगात मुरेपर्यंत. आठव्या दिवशी सकाळी बंद. ती तारीख आधीच कार्डावर लिहायची आणि खाली त्या खोलीतल्या जोडीदाराची सही. म्हणजे बघा, सात दिवस तुम्ही सिगरेट सोडताय आणि ओढताय, दोन्ही एकाच वेळी. घरात मान, बायको दुधाचा कप हातात आणून देते, म्हणते, किती हो निर्धार तुमचा! आणि मागच्या दारी जाऊन बिनधास्त ओढायची, कारण दवाखान्याचीच परवानगी. असा आठवडा आयुष्यात दुसरा येत नाही — म्हणजे... तसा येतो. माझा पाच वेळा आलाय.

नाही, हसू नका, वस्तरा आहे गालावर. त्याचं काय झालं, पहिल्या वेळी आठव्या दिवशी नेमकं दुकानात लग्नाचं गिऱ्हाईक, नवरा आणि त्याचे पाच भाऊ, अशा वेळी हात स्थिर नको? म्हटलं, उद्या. उद्याचा परवा झाला. मग सिस्टरला म्हणालो, सिगरेट बंदच आहे, पण गावाला गेलो होतो, गोळ्यांमध्ये खंड पडला. ती म्हणाली, मग गोळ्या पहिल्यापासून सुरू करा. आता तीच म्हणते पहिल्यापासून, तर मी कोण नाही म्हणणारा? पुढच्या वेळी दाढ दुखली. त्याच्या पुढच्या वेळी सासरे आजारी — सासरे खरंच आजारी होते, हे मात्र खोटं नाही. तयारीच्या बाबतीत साहेब, माझा हात धरणारा त्या खोलीत कोणी नाही.

जरा गाल फुगवा. हां.

सुरुवात कशी झाली सांगतो. एक बाई आपल्या पोराला घेऊन आल्या, पाच-सहा वर्षांचं पोर. मी त्याची हनुवटी धरून कानामागे कात्री चालवतोय, तर ते नाक दाबून म्हणालं, काका, तुमची बोटं घाण आहेत. बाई ओशाळल्या. आणि मी? दिवसातून तीनदा साबणाने हात धुणारा माणूस! पण बरोबर होतं त्याचं. आमचा धंदाच असा, आमची बोटं दिवसभर दुसऱ्याच्या नाकाखाली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन नाव घातलं. तुम्हालाही येतोय का वास? खरं सांगा. मिटू नका डोळे, राहू द्या, कळलं. म्हणून तर दार सताड उघडं ठेवलंय, तुम्ही यायच्या आधीच... म्हणजे आधीच्या गिऱ्हाइकाने ओढली होती इथे.

काय बघताय, आरशाचा कोपरा? ते साबणाने लिहिलेलं? सत्त्याण्णव. दिवस आहेत ते. माझे — म्हणजे तसे माझेच. आता तुम्हाला सगळं सांगावं लागेल, नाहीतर भलतंच समजाल.

जोडीदार देतात ना आपल्याला, मला बस ड्रायव्हर मिळाला. धिप्पाड माणूस, चौदा नंबरची बस चालवतो, आवाज असा की शेवटच्या सीटवरचा झोपलेला जागा होईल. आणि त्या खोलीत पहिल्या दिवशी खाली मान घालून बसलेला. त्याच्या डाव्या पायाची नस बंद पडत चालली होती. डॉक्टरने तोंडावर सांगितलं, आणखी ओढलीस तर पाऊल कापावं लागेल. ड्रायव्हरचं पाऊल हो! क्लचवरचं! आम्हा दोघांना सिस्टरने एकच तारीख दिली. नियम असा — तलफ आली की पेटवायच्या आधी जोडीदाराला फोन. आणि ज्याने फोन केला त्याने पहिला प्रश्न विचारायचा, कितवा दिवस? समोरच्याने आकडा सांगायचा. बास, एवढंच. आकडा ऐकला की म्हणे धीर येतो.

तर पहिल्या दिवशी सकाळी सहाला ह्याचा फोन. डेपोत उभा, काडी ओढायच्या बेतात. म्हणाला, कितवा दिवस? आता तुम्हीच सांगा, मी काय सांगणार? लग्नाचं गिऱ्हाईक बसलेलं, माझ्या हातात पेटलेली. मी म्हणालो, पहिला! एकदम खणखणीत. तो म्हणाला, मग मीही पहिला. ठेवला फोन. दुसऱ्या दिवशी अकरा फोन. दुसरा, दुसरा, दुसरा — अकरा वेळा सांगितलं. मला वाटलं, उद्या खरं सांगू, तोपर्यंत मीही सोडलेली असेल, हिशेब एक दिवस पुढेमागे, त्यात काय. पण त्याची चालू झाली ना गाडी! चौथा, पाचवा, नववा. आणि मी आकडा चुकू नये म्हणून आरशावर लिहायला लागलो. रोज सकाळी दुकान उघडलं की पहिलं काम, कालचा पुसायचा, आजचा लिहायचा. देवाशप्पथ, एक दिवस चुकलो नाही. एवढ्या निष्ठेने मी दुसरं काहीच केलेलं नाही.

आता हा गाल. वळा जरा. वळा म्हणतो ना, आरशात काय बघताय परत? तो आकडा कुठे पळून जात नाही.

महिनाभर झाला, त्याचे फोन बंद. तलफच येत नाही म्हणतो. मला बरं वाटायला हवं, नाही का? वाटलंही. पण तो फोन यायचा ना, तेवढी पाच मिनिटं मी खरंच ओढत नसे. त्याच्याशी बोलताना पेटवायची लाज वाटायची हो, विझवून टाकायचो. आता ती पाच मिनिटंही गेली. आता तो बुधवारी भेटतो, पाठीवर थाप मारतो, म्हणतो, तू नसतास तर मी आज काठीवर असतो. सगळ्यांसमोर म्हणतो! आणि मी म्हणतो, अरे, मी काय केलं. लोकांना वाटतं, काय विनय आहे माणसाकडे.

आणि आज तर कहरच. आज सिस्टर फुंकायचं यंत्र काढणार आहे. नळीत फुंकर मारली की ओढलीय की नाही, आकड्यात दाखवतं, बेट्याला काही लपत नाही. मी आतापर्यंत सर्दी सांगून टाळलं. आज म्हणे जोडीजोडीने फुंकायचं, शेजारी उभं राहून. हा मला न्यायला येणार साडेचारला. म्हणून म्हणतो, तुम्ही माझं एक काम करा — तुम्ही पाचला तिथे जाल, सिस्टरला एवढंच सांगा, दुकानात गर्दी होती. गर्दी. आठवेल ना? आणि ड्रायव्हरला वाटेतच भेटलात तर त्यालाही तेच. डोळे काय करताय? मिटा नाहीतर उघडे ठेवा, अशा खुणा काय... साबण गेला का डोळ्यात? थांबा, पुसतो.

नाही गेला. मग?

हे बघा, तुम्ही मला वाईट समजू नका. मी आज सकाळी ठरवलं होतं, खरंच. पाचवं कार्ड, आजची तारीख, जोडीदाराची सही माझ्याच हातची. तो खालचा ड्रॉवर आहे ना, त्यात पाकीट ठेवलं आणि किल्ली गल्ल्यात टाकली. दुपारपर्यंत तग धरला. मग काढली एक. तुम्ही यायच्या आधी. ते आधीचं गिऱ्हाईक म्हणजे मीच. यंत्राची भीती नाही हो मला, यंत्र काय, आकडा दाखवेल आणि गप्प बसेल. पण त्याला कळलं की मी शंभर दिवस खोटा आकडा सांगितला, आणि तो म्हणाला, मग माझाही खोटाच, आणि पेटवली एक — तर? पाय माझा जाणार नाही साहेब. त्याचा जाईल. ह्या विचाराने मला झोप नाही, आणि झोप नाही म्हणून ओढतो, झालं समाधान?

फोन वाजतोय. थांबा हं, हात ओले... बघा, त्याचाच! महिन्याने! निघाला असेल, गाडी कुठे लावू विचारेल. हॅलो, बोल रे. अरे, आज दुकानात जरा गर्दी—

काय?

कुठून बोल... आवाज दोनदा का येतोय तुझा?

...

कधी आलास? दार उघडं म्हणून मला चाहूलच... अरे, ती सिगरेट कुठून घेतलीस हातात? माझं सगळं ऐकून, चौकातल्या टपरीवरून आणलीस आत्ता? नाही, पेटवलेली नाही, दिसतंय मला आरशात, पेटवलेली नाही. पेटवू नकोस. माझ्यावर रागाव, शिव्या घाल, सगळ्यांसमोर घाल, पण तू... हो. हो, नियमच आहे, पेटवायच्या आधी फोन. बरं केलंस, फोन केलास. विचार. मी ऐकतोय, फोनवरच विचार, इथे बघू नकोस माझ्याकडे. विचार ना रे.

...

थांब, आधी हा कोपरा पुसतो.

साहेब, उठा. अर्धी राहिलीय, माहीत आहे मला, फेस टॉवेलने पुसून घ्या आणि उद्या या. पैसे राहू देत. जा म्हणतो ना! आणि त्याच्या बाजूने जाताना धक्का लावू नका त्याला.

पहिला. ऐकलंस? आज माझा पहिला.