समितीचं उत्तर

नाही उघडायची ही फाइल. तिसऱ्यांदा लावलास म्हणून काय ती लाजून उघडणारे? काढ तो पेन ड्राइव्ह आणि बस जरा. कमरेची सुतकाची चटई पाहूनच ओळखलं मी, एवढी मोठी, एवढी फाटकी — म्हणजे पुतण्या. पेनिसिमानींचा ना? ते गेल्याचं काल रेडिओवर ऐकलं. वावाऊ बेटावरून बोटीनं आलास आणि आज संध्याकाळच्याच बोटीनं परत, शुक्रवारी माती आहे, होय ना? पाणी पी आधी. हे बघ, फाइलचं नाव दिसतंय, तारीखही दिसतेय, ज्वालामुखीची राख पडली त्याच्या आधीचा डिसेंबर — पण आत काय आहे ते आता कुणालाच दिसायचं नाही. इथं नाही, ऑकलंडला नाही, कुठंच नाही. माझ्या मशीनवर रागावू नकोस, मशीन चांगलं आहे.

काय म्हणालास? त्यांच्याच मातीला म्हणायचं होतं हे? चारी आवाजांचं? आणि कुणाला शिकवलं नाही — बरोबर आहे, स्वतःच्या मरणाचं गाणं तालमीला कोण घेतं. माझं ऐक, जुनं एखादं स्तोत्र म्हणा. चाळीस वर्षं तुमच्या चर्चची गाणी त्यांनीच बसवली, एक नाही म्हटलं तर… नाही, तसं नाही म्हणायचं मला. चुकलं. बस, उठू नकोस.

ही फाइल ज्यात लिहिलीय त्या प्रोग्रामचं तुला माहीत नसेल, तू बोटीवर काम करणारा माणूस. फासी नाव त्याचं. ऑकलंडला नेविल म्हणून एक गोरा होता, त्याची बायको लुपे तुमच्या वावाऊची, त्यामुळं त्याला आपलं गाणं कळायचं. बाकीच्या प्रोग्रामांना वाटतं गाणं एकपासून सुरू होतं. आपण सूर आकड्यांत लिहितो, पहिल्याला तीन आणि शेवटच्याला नऊ, हे परदेशी प्रोग्रामला कसं पटवायचं? एकदा पटवायला गेलो आम्ही — तर त्यानं आपल्या तीनाला तिसरा सूर धरून अख्खं स्तोत्र वर चढवून दिलं, बायकांच्या गळ्याच्या शिरा तटतटल्या. नेविलनं एकट्यानं गॅरेजात बसून फासी केला. तो उघडायचा नंबर म्हणजे चावी, एकदा विकत घेतली की कायमची. मशीन बदललं तर फोन करायचा, तो स्वतः उचलायचा, आधी लुपेच्या माहेरचं विचारायचा आणि मग चावी द्यायचा.

मग तो आजारी पडला. पत्र आलं त्याचं — समितीला आलं, आमच्या संगीत समितीला, कारण शंभरावर चाव्या समितीच्या नावावर, आणि सचिव मी. लिहिलं होतं, मला आता हे सांभाळवत नाही, दोन रस्ते आहेत. एक म्हणजे मी फासी खुला करून टाकतो, आतली सगळी घडण सगळ्यांसमोर ठेवतो — कुणीही घ्या, कुणालाही द्या, मोडला तर ज्याला जमेल त्यानं दुरुस्त करा, चावीबिवी काही नाही. दुसरा म्हणजे ब्रिस्बेनची एक कंपनी विकत घेतेय, ती त्याला नवा करील, फोनवरही चालवील, पण कायमची चावी परत करायची आणि वर्षाची घ्यायची. तुम्ही सांगाल तसं करतो. समितीनं दुसरा रस्ता धरला. सगळ्यांना तेच बरं वाटलं. खुला म्हणजे बेवारस, असं आम्हाला वाटलं, रस्त्यावरच्या कुत्र्याला कोण औषध देतं.

कोण म्हणजे? समितीतले सगळे. म्हणजे — होते तेवढे. त्या आठवड्यात वादळ होतं, बोटी बंद, बैठक काही झाली नाही तशी. पण उत्तर तर द्यायचं होतं ना, माणूस आजारी होता तिकडं. मी दिलं. सही माझी, शिक्का समितीचा.

तुझ्या काकांचं वेगळं म्हणणं होतं, ते मला माहीत होतं. त्यांनी कागद पाठवला होता, स्वतःच्या हातानं लिहिलेला, अकरा गायकप्रमुखांच्या सह्या घेऊन — खुला करा म्हणून. मी खणात ठेवला. उशिरा आला असं सांगितलं त्यांना. उशिरा नव्हता आला. खोटं कशाला बोलू, कंपनीचा माणूस त्याआधीच इथं येऊन गेला होता, याच खुर्चीत बसला होता, मला म्हणाला टोंगात आमच्या तुम्हीच. पाटी दिली — अधिकृत प्रतिनिधी, खाली माझं नाव, लेसिएली, हे एवढ्या अक्षरांत. तुझ्या काकांनी मला एकदा भरल्या चर्चमध्ये थांबवलं होतं, लेसिएली, तुझा नऊ खाली जातोय, गप्प उभी राहा. त्यांनी यावं, पाटी बघावी, असं वाटायचं मला. हसू नकोस. बरं, हस.

ती पाटी समुद्रानं नेली, जानेवारीत, ज्वालामुखी फुटला तेव्हा. आणि समुद्राखालची केबल तुटली. आता नवा फासी दर तीस दिवसांनी इंटरनेटवरून आपल्या घरी, ब्रिस्बेनला, विचारायचा, या बाईची चावी चालू आहे ना? इंटरनेटच नाही तर विचारणार कुणाला? तीस दिवस झाले आणि सगळ्या बेटांवर एकदम कुलूप. कुणी पैसे थकवले नव्हते, कुणाचा काही गुन्हा नव्हता. इथली केबल फेब्रुवारीत जोडली, इथलं उघडलं. तुमच्या वावाऊची दीड वर्ष नाही जोडली.

मार्चमध्ये कंपनीची दोन ओळींची मेल आली. गिऱ्हाइकं थोडी, फासी जूनअखेर कायमचा बंद, छापायचं ते छापून घ्या. नेविलला सांगावं तर तो गेलेला. मी — मी कुणाला नाही सांगितलं. कंपनीला पत्रं लिहिली, वाटलं ऐकतील. रोज वाटायचं, उद्या सांगू.

मे महिन्यात तुझ्या काकांचा फोन आला. आवाज तुटत होता, जीभ जड झालेली, झटका येऊन गेला होता ना त्यांना. म्हणाले, मशीन बोटीत घालून आणतो, तुझ्याकडं केबल आहे, तिथं उघडेल. उघडलं असतं रे. पाच मिनिटांचं काम, उघडायचं आणि छापायचं. मी म्हटलं, या वयात कशाला बोटीत बसता, केबल आज-उद्या येतेय, आपोआप उघडेल. ते आले असते तर सगळं सांगावं लागलं असतं, पत्राचं, सह्यांचं, मेलचं. मला तोंड दाखवायचं नव्हतं त्यांना.

त्यांनी हट्ट नाही धरला. मग म्हणाले, "लेसिएली, पेन आहे का? मी गातो, तू आकडे लिहून घे. माझा हात चालत नाही."

आणि गायले. आधी बायकांचा आवाज, मग मधला, मग पुरुषांचे दोन्ही. मध्येच धाप लागायची, थांबायचे, पुन्हा मागून घ्यायचे, मी मागं पडू नये म्हणून. अर्धा तास. शेवटी विचारलं, झालं का लिहून? मी म्हटलं, हो झालं.

तेच शोधायला आलायस ना तू? लेसिएलीकडं कागद आहे, असं सांगितलंय त्यांनी घरी. पेन ड्राइव्ह नुसता लावून बघायला आणलास.

कागद नाही. मी लिहिलंच नाही. फोन टेबलावर ठेवला होता, समोर एक जण झेरॉक्सला उभा होता, त्याचं करत होते. मधूनमधून फोन उचलून हं, हं म्हणत होते.

नको, आता विचारू नकोस. एक ओळसुद्धा नाही आठवत. जा. बोट सुटेल तुझी.