उपवासाचा रकाना

अगं, फॉर्ममध्ये खरं लिहावं हे ठीक, पण किती खरं लिहावं, ते मला अजून कळलेलं नाही.

इथे जर्मनीत, येना शहरात, ह्यांचं छोटं मराठी हॉटेल आहे. नाशिकचे सुरेशभाऊ आचारी म्हणून यायला तयार आहेत, पण त्यांच्या कामाच्या परवानगीचा अर्ज दोनदा परत आला. तोवर हॉटेलचा स्वयंपाक माझ्याच गळ्यात.

तिसऱ्यांदा अर्ज मीच भरला. कामगाराला जेवण देणार का, असा रकाना होता. भाऊ आमच्याच घरी जेवणार, म्हणून मी लिहिलं, ‘दोन वेळा. सोमवार, चतुर्थी, एकादशीला उपवास.’

लगेच टेर्मिन आला, म्हणजे ऑफिसात भेटीला बोलावणं. ऑफिसातल्या बाईंनी ह्यांना सरळ विचारलं, “तुम्ही माणसाला उपाशी ठेवणार?”

हे माझ्याकडे वळले. “घे! आता तूच निस्तर.”

मी म्हटलं, “उपाशी नाही हो बाई. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, शिंगाड्याचा शिरा...”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “आल्झो, म्हणजे... एवढं तर मी नाताळातही खात नाही! हे सगळं करतं कोण?”

“मीच. हॉटेलचं करून झालं, की.”

बाईंनी लगेच पेन उचलून ‘आचाऱ्याची गरज’ या रकान्यात स्वतःच लिहिलं, ‘तातडीची’.

मला इतकं बरं वाटलं! विचारलं, “तातडीची म्हणजे परवानगी कधी मिळेल?”

“सहा आठवड्यांनी,” त्या म्हणाल्या.